निरगाठ

अप्पा, तुम्ही गेल्यावर तुमच्या सामानातून मी फक्त एक लाल फडका उचलला, कचेरीच्या दप्तराचे बस्ते बांधायचा. बहिणींना वाटलं, मी नेहमीसारखी थट्टा करतोय. इतकी वर्षं तो कपाटात पडून होता. पंधरा दिवसांपूर्वी त्यात मी एक कागद बांधला.

तुमची नात तुम्ही पाहिली नाही. आता सतरा वर्षांची आहे, माझ्याहून उंच, डोकं मोठं, शब्द वीस-पंचवीस. दिसेल ती गाठ सोडत बसते. पायजम्याची नाडी तिच्या हाती लागू देत नाही आम्ही. आम्हा तिघांचं रक्त तपासायला हैदराबादला गेलं होतं आणि अहवाल घ्यायला मी एकटाच नांदेडला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाकिटाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. प्रत्येक पेशीत हातभर नव्हे, चांगला पुरुषभर लांब डीएनएचा धागा असतो म्हणे. तो मावावा म्हणून प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्या प्रथिनांना हिस्टोन म्हणतात. त्यातलं एक मात्र रिळात नसतं. धागा रिळावर जिथे चढतो-उतरतो, तिथे बाहेरून चिमटीसारखं बसतं. बसलं की धाग्यावरचा तेवढा मजकूर बंद, सैल झालं की वाचता येतो. कुठल्या पेशीनं केव्हा काय वाचायचं, ते बरंचसं या बांधण्या-सोडण्यावर. "तुमच्या मुलीत या प्रथिनाच्या जनुकात चूक आहे. शेपूट आखूड झालंय, पकड नीट बसत नाही." मी म्हटलं, "म्हणजे गाठ बिघडली." बाई हसल्या. मला हसू आलं नाही, दुसरंही काही आलं नाही. भिंतीवरचा पंखा किती डाव्या अंगाला झुकलाय, ते बघत बसलो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून ट्रक भरभरून दप्तर आलेलं. तुम्ही रेकॉर्डखोलीचे दप्तरबंद, आणि बारावी नापास झालेला मी तुमच्या हाताखाली. आधीच्या दुष्काळातल्या कामांची हजेरीपुस्तकं मी करकचून बांधली, तुम्ही शाबास म्हणाल म्हणून. आठ दिवसांत एक म्हातारी दारात उभी. "माजं नाव बघा की जी त्यात. तळ्यावर खडी फोडलेली हाय मी." गाठ सुटेना. तुम्ही नखं लावता, मग दात लावता. म्हातारी बघते आहे.

"कुणी मारली ही?"

"मी."

"लई शाना हायस. आरं, बांधायचं ते परत सोडता यावं म्हणून. निरगाठ मारणाऱ्याला दुसऱ्याला वाचू द्यायचं नसतं." मग तिच्यासमोरच मला सुरगाठ शिकवलीत. टोक बाहेर, एका हिसक्यात मोकळी.

नांदेडच्या बाई शेवटी म्हणाल्या, "ही चूक आईतही नाही, वडिलांतही नाही. मुलीतच नव्यानं झालीय. कुणाकडून आलेली नाही."

अप्पा, तुमची सून देगलूरची. तिच्या आईनं सख्ख्या मामाशी लग्न केलेलं. पोरीच्या दुखण्याचं खापर फोडायला मला एवढं पुरलं. पेपरात विनोदी सदर लिहून लोकांच्या टोप्या उडवणारा माणूस मी, घरात हात आखडता कशाला घेऊ? पाहुण्यांसमोर म्हणायचो, "मामा-भाचीचे संसार मांडायचे आणि मग देवाला जाब विचारायचा." पाहुणे हसायचे. ती ट्रे पुढं करायची, "हाव, आमच्याकडचंच हाय. चहा घ्या." सतरा वर्षं.

नांदेडहून आलो तर तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"अजून यायचाय कागद."

तिनं मान हलवली. टँकर आला होता, ती घागर घेऊन गेली. मी अहवाल तुमच्या फडक्यात बांधला. निरगाठ आपोआप बसली.

आज पोरीला तो बस्ता सापडला. तासभर कुरतडत होती. शेवटी माझ्या मांडीवर आणून टाकला. "गाठ," म्हणाली. तिच्या वीस-पंचवीसांतला हा एक शब्द.

नखं लागेनात. दातांनी सोडली. आता अहवाल आणि हे पत्र त्याच फडक्यात घालून सुरगाठ मारतो, आणि स्वयंपाकघरात चहाच्या डब्याशेजारी ठेवतो, टोक बाहेर. तुमच्या सुनेला तोंडानं सांगायला हवं होतं. पण ज्या तोंडानं सतरा वर्षं बोललो, ते आज गाठ सोडण्यापुरतंच कामी आलं.