पत्राबरोबर आलेलं बी

९ मार्च

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटाही, कारण दोन महिन्यांत तुझं हे पहिलंच पत्र.

पाकिटातून बिया घरंगळल्या तेव्हा आधी वाटलं, तुझ्या वाचनालयातल्या कुठल्या पुस्तकातून सांडल्या असतील. मग चिठ्ठी वाचली. तुझ्या कुंपणावरचा तो लोण्यासारखा दुधी मागच्या वर्षी तुझ्याकडे आले तेव्हा मी चार वेळा वाढून घेतला होता. तोच आता माझ्या गॅलरीत येणार म्हणून मला कोण आनंद झाला. नऊ बिया पेरल्या, सात उगवल्या. त्यांतली दणकट दोन रोपं ठेवली, बाकीची काढताना जीव खालीवर झाला.

गॅलरी आता तू ओळखणार नाहीस. कठड्याला पुदिना आणि कोथिंबीर, कोपऱ्यात टोमॅटो, दाराशी मिरच्या, आणि तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत तुझा दुधी. शिलाई मशीन मी आत सरकवलं. गिऱ्हाइकं कपडे न्यायला येतात आणि मिरच्याही घेऊन जातात.

ह्यांना मात्र हे फारसं मानवलेलं नाही. शब्दकोशाची प्रुफं तपासायचं काम हे घरीच करतात आणि टेबल नेमकं गॅलरीच्या दाराशी. मी पाणी घालायला लागले की पाय वर घेऊन बसतात. काल म्हणाले की एक दिवस तू मलाही डब्यात लावशील. मी म्हटलं, मावलात तर लावीन.

लिहिताना हात आखडतेस तशी माया आखडू नकोस.

तुझी,
ताई

१७ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. धपाटा पोचला, अजून पाठ चोळते आहे.

तुझ्या डब्यांना जपून पाणी घाल, फार चिखल करू नकोस. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, आणि तिसऱ्या मजल्यावर भुंगे येतीलच असं नाही. तेव्हा नराचं फूल तोडून मादीच्या फुलावर हलक्या हातानं टेकव. मादीच्या फुलामागे बारीकसा दुधी असतो, त्यावरून ओळखशील. भाऊजींना दाखवू नकोस, ते त्यावरही काहीतरी बोलतील.

माझ्याकडे याही वर्षी कुंपण गच्च झालं आहे. शेजारचा दिवेवाला टणक भोपळे लावतो, ते वाळवून, कोरून त्यांचे दिवे करतो. त्याचा वेल गेल्या वर्षी माझ्या वेलात असा गुंतला होता की कुठलं फूल कुणाचं ते देवालाच ठाऊक. यंदा मीही तुला पाठवलेलंच बी पेरलं आहे. म्हणजे एकाच घरातली भावंडं, निम्मी तुझ्याकडे, निम्मी माझ्याकडे.

वाचनालयात नवी कपाटं आली, धूळ जुनीच आहे. भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया सुकू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी

३० एप्रिल

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र वाचून लगेच फाड.

वेलाला तीन दुधी धरले आहेत. सर्वांत मोठा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत आहे. पण आनंद सांगायला घरात कुणी नाही. हे आणि मी एकोणीस दिवस बोललेलो नाही.

झालं ते असं. मी सकाळी पाणी घातलं आणि नळ नीट बंद केला नाही. पाणी उंबऱ्यावरून आत आलं. टेबलाखाली ह्यांचे तीन महिन्यांचे तपासलेले कागद गठ्ठ्यांनी ठेवले होते. लाल शाई कागदभर पसरली. आणि पाणी तिथंच थांबलं नाही, खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकेच्या छतावरही डाग उमटला, तिच्या तान्ह्या बाळाच्या पाळण्याच्या बरोबर वर.

हे ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओले कागद एकेक उचलत म्हणाले की या घरात माणसापेक्षा मातीला जास्त मान आहे. तेव्हा मी जे बोलले ते तुलाच सांगते. मी म्हटलं, "मातीत घातलेलं निदान उगवतं तरी."

भिंगरे, सव्वीस वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना तो विषय कधी काढून दाखवला नव्हता. कुणात दोष, कुणात नाही, डॉक्टरांनी काय सांगितलं, सगळं गिळून टाकलं होतं. ह्यांनी हातातला कागद खाली ठेवला, चष्मा पुसला आणि दुसऱ्या खोलीत गेले. तेव्हापासून मी ताट वाढून ठेवते, हे जेवतात, मग मी जेवते. चूक माझी आहे हे कळतं. पण रोज वाटतं, आज हे एक शब्द बोलले तर मी दहा बोलीन. हेही बहुधा तसंच मोजत बसले असावेत.

दुधी तयार झाला की एक शिक्षिकेला नेऊन देणार आहे, डागाबद्दल. एकाचं ह्यांच्यासाठी सूप करीन. शब्द नाही तर वाडगा तरी पुढे करावा.

तू तरी अबोला धरू नकोस.

तुझी,
ताई

७ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचलं, फाडलं नाही, पण लपवून ठेवलं आहे. भाऊजींशी तूच बोल. तू मोठी आहेस आणि ते शब्द तुझे होते. धाकटीनं हे सांगावं हे शोभत नाही, तरी सांगते.

आता महत्त्वाचं. दुधी शिजवण्याआधी कच्ची चकती जिभेवर ठेवून बघ. परवा मी माझा पहिला दुधी चिरला आणि तो इतका कडू निघाला की दिवसभर तोंडाची चव गेली. वाचनालयातल्या एका जुन्या बागकामाच्या पुस्तकात पाहिलं. शेजारच्या कडू भोपळ्याचा पराग लागला, तर त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी कडू फळ येऊ शकतं. वरून काही कळत नाही. आणि असा कडू दुधी पोटात गेला तर तो नुसता कडू नसतो, विषारी असतो, असं लिहिलं आहे.

तार करावी असं मनात आलं होतं. पण दुधीसाठी तार म्हटल्यावर तारघराच्या खिडकीतला माणूस हसला असता. पत्र वेळेत पोचेलच. तुझे अजून कोवळे असतील ना?

मिळाल्याबरोबर उत्तर टाक. एरवी माया कर म्हणते, या वेळी घाई कर.

तुझी,
भिंगरी

११ मे, इस्पितळाच्या बाकावरून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. अक्षर लागलं नाही तर माफ कर, मांडीवर पिशवी ठेवून त्यावर लिहिते आहे.

परवा दुपारी मी दुधीचं सूप केलं. मिरी घातली, वरून पुदिन्याची दोन पानं ठेवली आणि ह्यांच्या टेबलावर ठेवून आले. वाडगा मोठा होता. हे सगळं प्यायले. मी नंतर जेवणार होते म्हणून वाचले. पाऊण तासानं न्हाणीघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. दार ढकललं तर हे भिंतीला टेकून बसलेले, ओकारी थांबत नव्हती, आणि तिच्यात रक्त होतं.

शेजारच्या गाडीवाल्यानं पाठीवर घेऊन तीन जिने उतरवलं. इथं आल्यावर रक्तदाब लागेचना. डॉक्टरीणबाईंनी काय खाल्लं ते विचारलं. मी दुधी म्हटल्याबरोबर त्यांनी लिहिणं थांबवलं आणि ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, कडू लागलं का?

हे म्हणाले, "लागलं."

मग का प्यायलात, असं त्यांनी विचारलं. ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. थांबत थांबत म्हणाले, "महिन्यानं तिनं माझ्यासाठी काही केलं होतं."

मी तिथंच उभी होते. पण मला रडताही आलं नाही, कारण त्याच क्षणी आठवलं की सकाळी दुसरा दुधी मी खालच्या शिक्षिकेला दिला होता. ती बाळाला अंगावर पाजते. तिच्याकडे फोन नाही, माझ्याकडे नाही. ह्यांना तसंच सोडून मी धावले. नर्स मागून हाका मारत होती. मधले चार चौक मी कसे ओलांडले ते मला सांगता येणार नाही. तिच्या दाराला कडी नव्हती. आत भांडं गॅसवर रटरटत होतं आणि ती एका हातावर बाळ घेऊन पळीतलं फुंकत होती. मी तिच्या हातातली पळी हिसकावली आणि भांडं मोरीत उलटं केलं. हात भाजला. ती इतकी घाबरली की भिंतीला चिकटून उभी राहिली. समजावून सांगायला मला दोन मिनिटं लागली, कारण धावून दम लागला होता. तिनं अजून तोंडाला लावलं नव्हतं.

परत आले तर ह्यांना आतल्या खोलीत नेलेलं. यावर उतारा असं औषध नसतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या; नळीतून पाणी देत राहायचं आणि शरीर काय करतं ते बघायचं. आज तिसरा दिवस. काल संध्याकाळी लघवी बंद झाली होती, आज पहाटे थोडी झाली. तेवढ्यावर आम्ही जगतो आहोत.

तुझ्या पुस्तकांत बघ, भिंगरे. दुधीनं माणूस जातो का ते बघ. आणि तुझ्याकडचे दुधी कुणाला देऊ नकोस.

माया वगैरे आज राहू दे, प्रार्थना कर.

ताई

१६ मे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र हातात घेऊन मी वाचनालयाच्या पायरीवर बसले ती किती वेळ कोण जाणे. भाऊजी कसे आहेत? उलट टपाली दोन ओळी टाक, दोन शब्द टाक.

माझं सात तारखेचं पत्र तुला एव्हाना मिळालं असेल आणि तू ते वाचून कपाळावर हात मारला असशील. पण त्या पत्रात एक खोटं आहे, ते मला सांगितलंच पाहिजे. मी परवा दुधी चिरला असं लिहिलं होतं. परवा नव्हे. मी तो एकोणतीस एप्रिलला चिरला होता.

आठ दिवस मी लिहिलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, एखादा निघतो कडू. दुसरा दुधी चिरला, तोही कडू. मग पुस्तक काढलं आणि सगळं वाचलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तू किती कौतुकानं लिहिलं होतंस. लहानपणापासून तू मला दिलेलं कुठलं काम नीट झालंय? तुझ्या लग्नातला फाटलेला शेला, तुझ्या मशीनचं मी मोडलेलं पायडल. एकदा काहीतरी चांगलं दिलं होतं तुला, आणि तेही खराब निघालं हे लिहायला हात होईना. मग तुझं तीस तारखेचं पत्र आलं, त्यात सूप करीन असं वाचलं आणि घाबरून लिहिलं. तरीही तार केली नाही. लोक हसतील म्हणून.

लगेच लिहिलं असतं तर पाच मेला तुला पोचलं असतं. मी बोटांवर मोजलं आहे, दिवसातून दहा वेळा मोजते.

दिवेवाल्याला सांगून कुंपणावरचे सगळे वेल उपटले. त्याचा यात काही दोष नाही, तो खाण्यासाठी लावतच नव्हता.

मी यायला निघू का? तू नको म्हणालीस तर येणार नाही. माया मागायला मला तोंड नाही.

भिंगरी

२ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद.

हे घरी आले आहेत. सहा दिवस झाले. अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटतात इतके वाळले आहेत, आणि जिना चढताना प्रत्येक वळणावर बसावं लागलं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मूत्रपिंडं सावरली, धोका टळला.

तुझं सात तारखेचं पत्र मला बारा तारखेला इस्पितळातून अंघोळीला घरी आले तेव्हा दाराखाली मिळालं. सोळाचं नंतर. खरं सांगते, सोळाचं वाचून मी तुझं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं होतं. राग अजून आहे. तो गेला की कळवीन. तोवर तू लिहीत राहा, रागावलेल्या माणसालाही पत्र लागतं.

पण तू खरं लिहिलंस, मग मलाही लिहायला हवं. मी नंतर जेवणार होते म्हणून वाचले, असं मी तुला कळवलं होतं. तसं नव्हतं. ह्यांच्यानंतर दहा मिनिटांनी मी स्वयंपाकघरात उभ्यानंच चमचा तोंडाला लावला. जहर कडू होतं. मी बेसिनवर थुंकले, चूळ भरली. मग ह्यांच्या खोलीत डोकावले तर टेबलावर वाडगा रिकामा, हे पाठमोरे बसलेले. मला वाटलं, हट्ट बघा, कडू आहे एवढंही तोंडातून काढलं नाही. जाऊन विचारायचं होतं. पण मनात आलं, बोलायची पाळी ह्यांची आहे. मी परत आले आणि भांडी घासत बसले. ती पाऊण तासाची भांडी, भिंगरे. तेवढ्या वेळात ओकवता आलं असतं, गाडी बोलावता आली असती. तुझे आठ दिवस आणि माझा पाऊण तास, यांत कमी काय आणि जास्त काय ते मला कळत नाही.

हे मी ह्यांना सांगायचं ठरवलं. सांगितल्याशिवाय एका घरात राहता येईना. परवा उशीला टेकून बसले होते, तेव्हा सगळं सांगितलं. ते एप्रिलमधलं वाक्यही काढलं आणि त्याची माफी मागितली. हे म्हणाले, "बेसिनवर थुंकलीस ते मला ऐकू आलं होतं. वाटलं, आता येशील."

एवढंच. मग माझा भाजलेला हात ओढून घेतला आणि पट्टी उलटसुलट करून बघितली, प्रूफ बघतात तशी.

आता आम्ही एका टेबलावर जेवतो. शब्दकोशाचे कोरडे कागद एका कडेला, ताटं दुसऱ्या कडेला. पहिले चार दिवस मी जे वाढीन ते हे निमूट खायचे. मी आधी चाखायचे, ते खाताना त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. आज दुपारी हे दोन घास खाऊन थांबले. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

म्हणाले, "यात मीठ नाही."

मी चाखलं. खरंच नव्हतं.

रविवारच्या गाडीनं ये. तुझ्या हातचं काही आणू नकोस, तुला आण.

तुझी,
ताई