भाऊचं पथ्य

वरणगाव
८ नोव्हेंबर १९८७

तीर्थरूप आबांस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात कामावर असतानाच पोटात अशी कळ आली की सोबतच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अल्सर सांगितला. खानावळीची शेवभाजी बंद, तेल-तिखट बंद, वेळच्या वेळी घरचं अळणी जेवण. नाहीतर ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते, माझ्याने स्वयंपाक होत नाही. परवा भात केला तर क्वार्टरमागच्या कुत्र्याने हुंगून सोडून दिला.

कुंदाला दोन महिने पाठवावं. बारावीची पुस्तकं घेऊन येईल. दिवसभर इथे तिला दुसरं काम काय? परीक्षेआधी मी स्वतः तिला पहूरला आणून सोडीन. मायला काळजी करू नको म्हणावं.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमचा पंडित


वरणगाव
१० फेब्रुवारी १९८८

तीर्थरूप आबा व माय यांच्या चरणी,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

दोन महिन्यांचे तीन झाले. भाऊचं पोट आता बरं आहे, वजन चार किलो वाढलं. भाऊची पहिली पाळी असली की मी चारला उठून मुगाचं वरण, दुधीची भाजी आणि भाकरी करते. ताट बघून भाऊ रोज म्हणतो, की ढोरांनाही याहून चवीचं मिळतं. पण खातो मात्र सगळं. पुस्तक ओट्यावर उभं करून वाचते. अर्थशास्त्राची निम्मी पानं हळदीने पिवळी झाली आहेत.

चार मार्चला पहिला पेपर. डी.एड.ला नंबर लागायचा तर चांगले मार्क हवेत आणि मला ते मिळतील असं सर म्हणाले होते. मला मास्तरीण व्हायचं आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हॉल तिकीट आलं असेल तर कळवा, मी लगेच एसटीने येते. भाऊला विचारलं की तो आबांना विचार म्हणतो.

लेकीवर लोभ असू द्यावा.
तुमची कुंदा


पहूर
२० फेब्रुवारी १९८८

चि. कुंदा हिस,
जीवरामचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. हॉल तिकीट अजून आलेलं नाही. आलं की मी स्वतः घेऊन येतो, तू तिथून हलू नकोस. माय म्हणते, पोरगी वाळून गेली असेल, थोडं तूप पाठवा. तूप पाठवतो आहे, पंडितच्या वरणात घालत जा.

भावाची सेवा करणारी बहीण नशिबाने मिळते, असं मी चारचौघांत सांगतो. बाकी सर्व क्षेम.
तुझे आबा


पहूर
५ मार्च १९८८

चि. पंडित यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरातले आंतरदेशीय संपले म्हणून कार्डावरच लिहितो. कालपासून बारावीची परीक्षा सुरू झाली, तेव्हा आता तो प्रश्न मिटला. कुंदाचं हॉल तिकीट सर पंधरा फेब्रुवारीलाच घरी देऊन गेले होते. ते मी पेटीत ठेवलं. तिला पाठवली असती तर तू पुन्हा खानावळीत गेला असतास. पोरीची परीक्षा काय, दरवर्षी येते. पोट एकदाच मिळतं. तिने विचारलं तर तिचा फॉर्म रद्द झाला म्हण. हे कार्ड वाचून फाडून टाक.

जीवाला जप.
तुझे आबा


वरणगाव
२६ जून १९८८

तीर्थरूप आबांस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

फेब्रुवारीनंतर तुमचं पत्र नाही. परीक्षेचं काय झालं ते तुम्ही कळवलं नाही आणि कुंदानेही विषय काढला नाही. विसरली असावी, बरंच झालं. हल्ली तिच्या हाताला चव आली आहे. थोडं तिखट चालेल असं ती डॉक्टरांना विचारून आली. भाजी अगदी मायच्या हातची वाटते. मात्र पोटात पुन्हा आग पडू लागली आहे. डॉक्टर म्हणतात, काही झालं तरी घरचं जेवण सोडू नका.

धुळ्याची मुलगी मला पसंत आहे. बँकेत आहे, सकाळी नऊला बाहेर पडते ती संध्याकाळी घरी. तिला चुलीशी बांधून ठेवणं या काळात शोभणार नाही. तेव्हा लग्नानंतरही कुंदाला दोन-तीन वर्षं इथेच राहू द्यावं.

कृपा असू द्यावी.
तुमचा पंडित


वरणगाव
४ जुलै १९८८

तीर्थरूप आबांच्या चरणी,
कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं कार्ड सात मार्चला पोस्टमनने माझ्या हातात दिलं. भाऊ कामावर होता. वाचून फाड असं तुम्ही लिहिलं होतं. मी वाचलं, फाडलं नाही.

आबा, मला तुमचा इतका राग आला की पीठ मळता येईना. त्या रात्री भाऊच्या भाजीत मी पहिल्यांदा चमचाभर लाल तिखट घातलं. त्याने बोटं चाटली. डॉक्टरांना मी काहीही विचारलेलं नाही. आता दोन चमचे घालते. परवा त्याच्या उलटीत रक्त आलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, एवढं पथ्य पाळून असं कसं होतं? मी बाजूलाच उभी होते. भाऊवर माझा जीव आहे, आणि तरीही मी काल दोन चमचे घातले.

सोबत ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आहे. पालकाच्या जागी सही करून उलट टपाली पाठवा. हॉल तिकीट माझ्याच हातात द्यायचं, असं सरांना कळवलं आहे. भाऊला हे सांगायचं असेल तर खुशाल सांगा. तो मला घरी पाठवील आणि खानावळीत जाईल. मायला इथे पाठवायचं म्हणाल, तर तुमची भाकरी कोण थापणार, तेही ठरवून ठेवा.

सही आली की त्याच वेळेपासून तिखट बंद करते. टपाल यायला चार दिवस लागोत की आठ, तोवर दोन्ही वेळचा स्वयंपाक चालू आहे.

आशीर्वाद आजवर पुष्कळ मिळाले, या खेपेस सही तेवढी मिळावी.
तुमची कुंदा