नोराच्या बाजूची फांदी

११ फेब्रुवारी २००७, रविवार

मुग्धा कीरनला घेऊन ब्रॅकनेलहून जेवायला आली होती. ऑगस्टमध्ये लग्न करायचं ठरवलंय दोघांनी. आधी रजिस्टर, दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आपल्या पद्धतीनं. मी पोळ्या लाटत होते, पाठमोरीच राहिले जरा वेळ.

कीरन चांगला आहे. ताटं धुतो, होणाऱ्या सासऱ्याच्या, श्रीकांतच्या, जुन्या विनोदांना हसतो. खोट काढण्यासारखं काही नाही, असं आत्ता लिहिलं आणि परत वाचलं. खोट कोण काढतंय?

संध्याकाळी पुण्याला आईला फोन. 'किरण' म्हणजे आपलंच नाव झालं की, म्हणाली. मग लगेच, घराणं कसलं? चौकशी केलीत? म्हटलं, आई, मूळचे आयर्लंडचे लोक, इथे साउथहॅम्प्टनमध्ये बसून कुणाला विचारणार.

"माणसं आहेत तिथे चौकशी होते. कोड, क्षय, वेड. तीन विचारायचं, बाकी मुलगा बघायचा."

१७ फेब्रु.

नोराकडे गेले होते. नोरा म्हणजे कीरनची आई. शाळेच्या किचनमध्ये होती, आता रिटायर. नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली. तिला म्हटलं, लग्नाची भेट म्हणून दोन्ही घरांचा वंशवृक्ष करते. मोठ्या कागदावर, माझ्या हातानं लिहून, फ्रेम करून. तिचे डोळे भरले. नवऱ्याकडचे कागद काढून दिले, त्यात सासऱ्यांचा शाळेचा दाखला: डॅनियल जेरेमाया सुलिव्हन, कॉर्क परगणा.

तिच्या माहेरचं विचारलं तर म्हणाली, ते नंतर बघू, आणि चहा ओतायला उठली. आधीचाच अर्धा होता.

आधी भेटीची कल्पना सुचली आणि मग चौकशीची, असं लिहायला आवडलं असतं. तसं नाही. गाडीत दोन्ही एकदम सुचलं. एकीवर दुसरी झाकण म्हणून.

३ मार्च

चर्चमागच्या खोलीत जुन्या नोंदींच्या मायक्रोफिल्म बघायची मशिनं आहेत. आयर्लंडची बाप्तिस्म्याची रजिस्टरं तिथे मागवून मिळतात. इथला दुसरा शनिवार. हँडल फिरवत राहायचं, आडव्यातिडव्या अक्षरात नावांमागून नावं. प्रत्येक बाळापुढे आईचं माहेरचं आडनाव न चुकता. आपल्या कुलवृत्तान्तात आई सापडत नाही.

खोटं कशाला बोलू, मजा येते. डॅनियल सापडला. वडील जेरेमाया. मधलं नाव वडिलांचंच असणार, माहेरी मी सुनीता वसंत तशी. गाव दाखल्यावरचं नाही, शेजारचं आहे. पण जुळतंय.

२१ मार्च

जेरेमायाच्या मृत्यूचा दाखला आयर्लंडहून आला. मृत्यूचं ठिकाण: वेड्यांचं इस्पितळ.

लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःलाच वेगळं सांगेन. वाईट वाटलं नाही. हरवलेली कुडी गादीखाली मिळावी तसं वाटलं. सापडलं.

२५ मार्च

श्रीकांत म्हणाला, त्या काळी कुणालाही टाकायचे तिथे. दारू पितो, वाटणीवरून भांडतो, घरात खायला नाही. मी डॉक्टर आहे तुझ्या घरात, मला तरी विचार. आणि विहिणीवर सीआयडी लावलीय हे मुग्धाला माहीत आहे का?

त्याच्या आधीच आईला सांगून झालं होतं. तिनं आरडाओरडा केला नाही. फक्त, "मग मी येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत नको."

मी तिला समजावायला हवं होतं. मी म्हटलं, बघू.

१४ एप्रिल

नोरा आली होती. पेन्सिलीनं काढलेला तक्ता टेबलावरच होता. चष्मा लावून वाकली, बोटानं एकेक नाव वाचत गेली, थांबली.

"हा जेरेमाया कोण घुसवलास?"

डॅनियलचे वडील ना, म्हटलं. मधलं नाव. ती इतकी हसली की खुर्ची ओढून बसली. जेरेमाया हे नाव त्यानं बारा वर्षांचा असताना स्वतः निवडून घेतलं होतं, दीक्षा द्यायला बिशप गावात आले तेव्हा. संताचं नाव घेतात तसं, सगळेच. बाप पॅट्रिक. मासे धरायचा, म्हातारा होऊन अंथरुणात गेला. "आमच्याकडे दगड उचलला तर खाली सुलिव्हन निघतो, बाई. तू भलत्याच दगडाखालचा आणलास."

मग म्हणाली, बिचारा कुणाचा असेल हा? मी म्हटलं, माहीत नाही. तिच्यासमोरच खोडला. रबर वाईट, काळा डाग पडला.

१५ एप्रिल

उठल्या उठल्या आईला फोन. आई, घर चुकलं होतं. तो माणूस त्यांचा नाहीच. तिनं सुस्कारा सोडला. "बघ, माझा जीव उगाच टांगलास. ज्योतीला सांगते व्हिसाचं बघायला." ज्योती माझी मामेबहीण, आईचं सगळं तीच करते.

मी इतकी खूश की शिरा केला. श्रीकांतला वाटलं आज काय आहे.

कढई घासताना लक्षात आलं मी काय बोलले ते. घर चुकलं. म्हणजे घर बरोबर असतं तर आई न येणं बरोबर होतं. तो माणूस आजारी होता, बाकी काय, एवढं एक वाक्य मला तीन आठवड्यांत आईला म्हणता आलं नाही. आणि तो मेला त्याच्या दाखल्यावर मी खूश झाले, तो आपला नाही म्हणूनही खूश झाले. दोनदा.

२८ एप्रिल

मुग्धाचा फोन. ज्योतीनं तिला अभिनंदनाची मेल पाठवली, त्यात शेवटी, 'वेड्याचं निस्तरलं ना एकदाचं, आत्या येतायत आता.' मुग्धानं तिच्याकडूनच सगळं काढून घेतलं.

"आई, तू त्यांची बॅकग्राउंड चेक केली? आणि नोराला सांगितलं की माझी लग्नाचा गिफ्ट आहे?"

तिचं मराठी रागात आणखी मोडतं, तरी इंग्रजीत गेली नाही. मुद्दाम मराठीतच बोलली, मला लागावं म्हणून. लागलं. मी म्हटलं, अगं, आपल्याकडे सगळेच करतात, तुझ्या बाबांचीही केली होती. "बाबांना माहीत होतं ना पण? आजोबा त्यांच्या घरी जाऊन विचारले. तू तिची चहा पिऊन केलं."

नोराला तूच सांग, म्हणाली. तोवर कीरनला ती काही बोलणार नाही. पण त्याच्याशी खोटं वागणं तिला जमत नाही, तेव्हा लवकर सांग. आणि नाहीच सांगितलंस तर तो तक्ता माझ्या घरात नको.

ओरडली असती तर बरं झालं असतं.

६ मे, रविवार

गेले. गाडीत वाक्यं जुळवली होती. नोरानं ब्रेड भाजला होता, सोड्याचा, अजून गरम. लोणी लावून पुढे ठेवलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, माहेरचं देत नाही म्हणून तुला वाईट वाटत असेल.

मग सांगितलं. हात मांडीवर, नजर खिडकीबाहेर. तिच्यामागे कुणी नाही. लग्न न झालेल्या मुलींना बाळंतपणासाठी ठेवायचे तशा नन्सच्या घरात ती जन्मली. दोनेक वर्षांची असताना एका शेतकरी जोडप्यानं नेली. त्यांनी चांगलं केलं तिचं. पण आईचं नाव कुणी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. नवऱ्याला माहीत होतं, मुलांना नाही. तक्ता सुरू झाल्यापासून तिला धड झोप नाही. तू उद्या काय शोधून आणशील, म्हणाली, याचीच धास्ती.

मी तिचा हात धरला. धरायला नको होता.

"तुला सांगावंसं वाटलं, कारण तू एकदाही खोदून विचारलं नाहीस. दुसरी कुणी असती तर हात धुऊन मागे लागली असती."

हीच वेळ होती. मी ब्रेड खाल्ला. तिनं दुसरा तुकडा वाढला, तोही खाल्ला.

१३ मे

मु.चा फोन. सांगितलंस? म्हटलं, जाऊन आले. ती नुसतं "आई" म्हणाली आणि ठेवला.

पुण्याचाही आला. व्हिसाचे कागद झाले. आणि त्या बाईचं माहेर कुठलं गं? मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. आई म्हणाली, म्हणजे काहीतरी आहे. म्हटलं, असेल. यायचं तर तेवढ्यावर ये. मग म्हणाली, ज्योतीशी बोलते. येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

आईला म्हणता आलं. ती सात समुद्रांपलीकडे आहे. नोरा तीन बस-स्टॉपवर.

२० मे, रविवार

नोरानं कीरनला आपल्या जन्माचं सांगितलं. तो रडला आणि मग तिला समुद्रावर चिप्स खायला घेऊन गेला म्हणे. तिच्या बाजूला काय लिहायचं ते तिनं फोनवर सांगितलं: 'नोरा' लिही, वर मोकळा कागद राहू दे.

तक्त्यावर शाई फिरवून झाली. नोराच्या वर काही नाही. ती जागा सुंदर दिसते, हे लिहायचा मला हक्क नाही.

जेरेमायाच्या जागचा डाग तसाच आहे. नवा कागद घेता आला असता, कपाटात दोन पडलेत. घेतला नाही. नोराची नजर तिथे जाणारच. म्हणेल, तो बिचारा अजून इथेच? कोण होता, कळलं का पुढे?

बेल वाजली. श्रीकांत दार उघडतोय. तिचा आवाज, ब्रेड आणलाय म्हणतेय.