गोळीवीरांची रिकामी पाकिटं

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.
संकल्प. एक: कॉलेजमागच्या वस्तीतल्या साठ माणसांचा रक्तदाब खाली आणायचा. दोन: जूनच्या परिषदेत त्यावर पेपर वाचायचा. तीन: रोज जिन्याने चढायचं. आमचा कम्युनिटी मेडिसिन विभाग चौथ्या मजल्यावर आहे. हृदय बदलणारे, मेंदू उघडणारे सगळे खालच्या मजल्यांवर बसतात आणि आम्हाला ‘मच्छरवाले’ म्हणतात. या वर्षी दाखवतोच.

सकाळी ९.४०. लिफ्टने आलो. हातात फाइल होती.

५ जानेवारी, बुधवार.
नवी बीपीची यंत्रं आली. ताईला वापरून दाखवायला माझाच दंड पुढे केला. (ताई म्हणजे आमची आरोग्यसेविका. बारा वर्षं वस्तीत दारोदार फिरते आणि कुणाचं काय दुखतं ते तिला तोंडपाठ आहे.) आकडा आला १६८/१०२. यंत्र बिघडलेलं निघालं. दुसरं लावलं, १७०/१०४. तेही बिघडलेलं. ताईने स्वतःचा मोजला तर ११८/७६. म्हणजे मधूनमधून नीट चालतं.

ताईने ते आमच्या विभागप्रमुखांना, म्हणजे हेडमॅडमना, सांगितलं, हेडमॅडमनी माझ्या बायकोला फोन केला. दोघी शाळेत एका बाकावर बसत, ही गोष्ट मला लग्नाआधी कळायला हवी होती. संध्याकाळी घरी गोळ्या हजर.

मला बीपी नाही. डॉक्टर समोर आला की काही लोकांचा दाब उगाच वाढतो, तसं झालंय. माझ्या बाबतीत डॉक्टर चोवीस तास समोर असतो, त्याला मी काय करणार?

६ जानेवारी, गुरुवार.
बायको गोळी देऊन समोर उभी. जिभेखाली धरली, पाणी प्यायलो, बाथरूममध्ये जाऊन काढली, रुमालात गुंडाळली. ऑफिसच्या खणात खोकल्याच्या गोळ्यांची जुनी रिकामी बरणी आहे, तिच्यात टाकली. बायको म्हणाली, की आता ती दर रविवारी पाकिटावरची भोकं मोजणार. खुशाल मोजू दे, भोकं तर पडणारच आहेत.

१७ जानेवारी, सोमवार.
अभ्यास सुरू. वस्तीच्या सभागृहात साठही माणसं हजर. प्रत्येकाला चौदा गोळ्यांची दोन पाकिटं दिली. चार आठवड्यांनी रिकामी पाकिटं परत आणायची, नवी न्यायची. माझं भाषण पंचावन्न मिनिटं चाललं. शेवटी दोन बायका डोळे मिटून विचार करत होत्या.

ताईने विचारलं, की गोळी खरंच पोटात गेली हे आपल्याला कळणार कसं? बारा वर्षं काम करूनही माणसाला मूलभूत गोष्टी सांगाव्या लागतात. पाकीट रिकामं, म्हणजे गोळी पोटात. तिसरी जागाच नाही.

आजची गोळी: बरणीत.

१४ फेब्रुवारी, सोमवार.
साठ पैकी एकोणसाठ जणांनी पाकिटं आणली, सगळी रिकामी! मला तिथेच कल्पना सुचली. ज्याचं पाकीट रिकामं त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि त्याला माझ्या सहीचं ‘गोळीवीर’ प्रमाणपत्र. पहिला मान शिंपीकाकांना. वय बासष्ट, कोपऱ्यावर दुकान, माझ्या पँटी तेच सैल करून देतात. काका प्रमाणपत्र घेताना काहीतरी सांगत होते, की गोळी घेतली की गरगरतं, सुईत दोरा जात नाही. पण मागे रांग होती आणि टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. भला माणूस, लगेच गप्प बसला.

२० फेब्रुवारी, रविवार.
दुर्घटना. गोळी जिभेखाली असताना बायकोने एक विनोद केला. हसलो आणि गोळी गेली पोटात. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटलं, दुपारच्या जेवणानंतर तर डोळेच उघडेनात. ही औषधं मला सोसत नाहीत, हे सिद्ध झालं. बायको म्हणाली, की मी दर रविवारी जेवून असाच झोपतो. पुरावा समोर असून माणसं बघत नाहीत.

१४ मार्च, सोमवार.
साठ पैकी साठ! एकही पाकीट भरलेलं नाही. फोटो काढून विभागाच्या फलकावर लावले. शिंपीकाकांनी प्रमाणपत्राला फ्रेम केली आहे आणि ते मशीनच्या वर टांगलंय, असं ताई म्हणाली. म्हणताना ती खूश दिसली नाही. चांगलं काम दुसऱ्याच्या हातून झालं की होतं असं.

२४ मार्च, गुरुवार.
ताईला खोकला झाला. तिने खणातली बरणी बघितली आणि त्यातली एक गोळी मागितली. मी म्हणालो, की त्यांची मुदत संपली आहे. तिने बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरली, परत ठेवली. मग म्हणाली, की सर, मुदत संपेपर्यंत वाट बघू नका. खोकल्याच्या गोळ्यांची एवढी काळजी कोण करतं?

१२ एप्रिल, मंगळवार.
आकडे आले. आकडेमोड बघणारा आमचा लेक्चरर, ज्याला आम्ही दशांश म्हणतो, दारातूनच ओरडला. जानेवारीत वस्तीचा सरासरी वरचा दाब १५८ होता, आता १५७ आहे. मी म्हणालो, की घटला ना? तो म्हणाला, की सर, एवढा तर खुर्ची बदलली तरी घटतो. गोळ्या शंभर टक्के घेतल्या आणि दाब जागचा हलला नाही, असं होऊच शकत नाही, कुठेतरी काहीतरी खोटं आहे. मी त्याला ठणकावलं, की माझी माणसं खोटं बोलत नाहीत.

संशयितांची यादी केली: यंत्रं, दंडाचे पट्टे, सभागृहाच्या पायऱ्या, औषध कंपनी, स्वतः दशांश. एकेकाला बघून घेतो.

आजची गोळी: बरणीत. बरणी निम्मी भरली. मोठी आणावी लागेल.

९ मे, सोमवार.
नवी यंत्रं, नवे पट्टे, मोजण्याआधी प्रत्येकाला पंधरा मिनिटं बसवलं. सरासरी १५९. हेडमॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या, की परिषदेतून नाव काढून घेऊ या का? मी साफ नकार दिला. निकाल उलटा आला तर औषधच कुचकामी आहे, असा पेपर वाचीन. जग हादरेल. मॅडमनी विचारलं, की तुमचा स्वतःचा दाब कसा आहे? मी म्हणालो, की गोळी रोज चालू आहे. यात शब्दही खोटा नाही, ती रोज चालत चौथ्या मजल्यावर येते.

२ जून, गुरुवार. सकाळी ११.
शिंपीकाकांना कॅज्युअल्टीत आणलंय. सकाळी दुकान उघडताना तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. मेंदूतला रक्तपुरवठा अडला होता. वेळेत आणलं, नाहीतर हातचे गेले होते.

दुपारी १. माझं म्हणणं खरं ठरलं. रजिस्टरमध्ये काकांच्या नावापुढे ११२ पैकी ११२ गोळ्या आहेत. एवढ्या गोळ्या घेऊनही माणूस आडवा होतो, म्हणजे औषधात माती आहे. कंपनीला कडक पत्र लिहायला घेतलंय. पहिलंच वाक्य असं झालंय, की वाचून त्यांना घाम फुटेल. शिंपीकाकांसाठी मी लढणार.

३ जून, शुक्रवार.
पत्र घेऊन वॉर्डात गेलो, काकांना वाचून दाखवायला. काकू कॉटजवळ बसल्या होत्या. मी दोन ओळी वाचल्या. काकूंनी पिशवीतून बटणांचा डबा काढून माझ्या हातात दिला.

आत बटणं नव्हती. वर दोन न उघडलेली पाकिटं होती. सोमवारी पाकिटं मोजायची आहेत, म्हणून ती रविवारी फोडली जाणार होती. खाली सुट्या गोळ्या. मी कॉटच्या कडेवर बसून मोजल्या. १०८. पुन्हा मोजल्या.

काकांचं बोलणं अजून जड आहे. काकू समजावून सांगत होत्या. पहिल्या चारच गोळ्या पोटात गेल्या. गोळीने गरगरायचं, सुई दिसायची नाही, गिऱ्हाइकाचे कपडे बिघडायला लागले. पहिल्याच महिन्यात सांगायचं होतं. पण साहेबांनी एवढ्या प्रेमाने टाळ्या वाजवल्या, प्रमाणपत्र दिलं, मग भरलेली पाकिटं परत कुठल्या तोंडाने न्यायची? काकांनी उजव्या हाताने माझा हात धरला आणि माफी मागितली. माझी.

पत्र फाडलं.

४ जून, शनिवार.
जिन्याने चढलो. दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं.

खण उघडला. बरणी बाहेर काढली. वस्तीत अशा बरण्या किती असतील ते ताईला विचारलं. ती म्हणाली, की तिला माहीत असलेल्या एकवीस. आधी का नाही बोललीस, म्हणून मी चिडलो. ती म्हणाली, की सर, मी जानेवारीत विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तिसरी जागाच नाही.

परिषदेतून नाव काढून घेतलं. घाबरून नाही. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही.

६ जून, सोमवार.
सभागृहात गेलो. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच ठेवलं. एवढंच म्हणालो, की आज टाळ्या नाहीत, प्रमाणपत्र नाही, घरात ज्या गोळ्या उरल्यात त्या आणा आणि का उरल्या ते ताईला सांगा. कुणीच उठेना. एकमेकांकडे बघत बसले. शेवटी मीच जाऊन ताईसमोरच्या खुर्चीवर बसलो आणि बरणी टेबलावर ठेवली. मागे हळूहळू रांग लागली.

ताईने कागदावर ओतून पट्टीने मोजल्या. दीडशे. रजिस्टरमध्ये एकसष्टावा क्रमांक घालून माझं नाव लिहिलं. मला वाटलं ऐकवेल काहीतरी, आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण तिने पेन ठेवलं आणि विचारलं, की गोळीने काय होतं तुम्हाला?

मी म्हणालो, काही नाही. ती थांबून राहिली. मग मी सांगायला लागलो. माझ्या वडिलांना चोपन्नाव्या वर्षी हीच गोळी सुरू झाली आणि त्यानंतर मी त्यांना फक्त पलंगावर बघितलं. मी चोपन्न वर्षांचा आहे. मला भीती वाटते. वीस मिनिटं बोलत होतो. मागे रांग होती. ताईने मला एकदाही थांबवलं नाही.

१७४/१०६. यंत्र चांगलं आहे.

तिने नवं पाकीट फोडलं, अर्धी गोळी दिली, पाण्याचा पेला दिला. गिळली. तोंड उघडून जीभ वर करायला सांगितली. सगळ्या रांगेसमोर केली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, की पुढचे.