फोनमधली मी

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून मी नोकरदार! जोगेश्वरीला एका ग्रिलवाल्याच्या गाळ्यावर ऑफिस, आत झकास एसी. काम काय, तर माइकसमोर बसून मालवणी बोलायचं. आयुष्यभर आईने वटवट बंद कर म्हणून सुनावलं, आता त्याच वटवटीचा पगार! हर्षदसर म्हणाले, फोन मालवणी शिकणार आणि म्हाताऱ्या माणसांना औषधाची आठवण करून देणार. म्हटलं, पहिला माझ्या आईलाच द्या. दम्याचा पंप कुठे ठेवला ते ती रोज विसरते.

६ नोव्हेंबर, गुरुवार
वाचायची वाक्यं संपली. सर म्हणाले, आता मनातलं बोला, घरातलं. मग काय, मी सुटलेच. लहानपणी मी सारखी रडायचे म्हणून बाबा मला नासकी सोलकढी म्हणायचे, तेही सांगितलं. बाबा गेले, नाव राहिलं. हल्ली फसवणुकीचे फोन येतात, म्हणून आई आधी ‘कोण गो?’ विचारते आणि मी ‘नासकी सोलकढी’ म्हटलं की मगच पुढे बोलते. सर खूप हसले. पुन्हा एकदा सांगा म्हणाले, जरा स्पष्ट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आजची वाक्यं विचित्र होती. आये, माका पोलिसांनी धरल्यानी. कोणाक सांगू नको. दार उघडू नको. विचारलं तर सर म्हणाले, नाटकासाठी आहे. मी रडूनसुद्धा दाखवलं. इतकं छान जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
लता तीन दिवस आली नाही. ती जालन्याकडची, माझ्या शेजारच्या माइकवर बसायची. फोन केला तर रडतच होती. तिच्या आवाजात कोणीतरी तिच्या वडिलांना फोन केला, मला अटक झालीय म्हणून. दोन दिवस ते फोन कानाला लावून खोलीत कोंडून बसले आणि होतं नव्हतं ते पाठवून दिलं. आता खऱ्या लताशीही बोलत नाहीत. उद्या सरांना जाब विचारणार.

२० नोव्हेंबर, सकाळ
गाळ्याला कुलूप. हर्षदचा नंबर बंद. ग्रिलवाला म्हणतो, काल रात्रीच सगळं सामान टेम्पोत घालून नेलं.
आईचा फोन बिझी. अर्धा तास झाला. आई इतका वेळ कोणाशी—

दुपार, बोरिवली, आमच्या जिन्यात
किल्ली आहे, पण आतून कडी. बेल वाजवली, हाका मारल्या. आई आतून ओरडली: “तू कोण गो? माजा चेडू फोनार आसा!”
नासकी सोलकढी म्हटलं. आई रडायला लागली. म्हणाली, फोनवरच्या लेकीने आधीच सांगितलंय, एक बाई येईल आणि हेच नाव सांगेल.
आईला धाप लागलीय. दाराबाहेर ऐकू येतेय. तिचा पंप संपलेला. नवा माझ्या पर्समध्ये.
पोलिसांना फोन केला, निघालोय म्हणाले. शेजारच्या सुनंदाकाकू सुताराला आणायला धावल्या.
आईला पटेल असं काहीतरी— पण तीन आठवड्यांत मी त्यांना काय सांगितलं नाही? सगळंच सांगितलं. सगळं—

अक्षर! अक्षर त्यांच्याकडे नाही.

आई, हे अक्षर बघ. माझंच आहे. फोन ठेव. कडी काढ. पंप आणलाय. — उत्तरा

पान फाडून दाराखालून सरकवलं. कोपरा अजून बाहेर दिसतोय. कोणी ओढत नाही.
सुतार अजून नाही—
धाप ऐकू येत नाही. आई? आई—
आत फक्त मी बोलतेय. फोनमधली मी. म्हणतेय, आये, शाबास, अशीच गप रव, हलू नको, मी आसय ना, मी—