रिन्शानं घेतलेली शाळा

पेरुंकडवू,
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

प्रिय विलासिनी चेच्ची,

तुझ्या धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. (कागदावरचा नमस्कार तू नमस्कारात धरत नाहीस, हे ठाऊक आहे, पण माझीही कंबर आता कागदावरच वाकते.) तुझे गुडघे कसे आहेत? तेल कोमट करून लावतेस ना, की बाटली देवाजवळ ठेवून तिचं नुसतं दर्शन घेतेस? इकडे बरं आहे. फणस यंदा उशिरा धरलाय, विहिरीचं पाणी दोन पायऱ्या खाली गेलंय, माझी साखर होती तिथेच आहे. फोनवर तू दोनदा विचारलंस, तंकम, तुझा आवाज असा का येतोय, आणि दोन्ही वेळा मी सर्दीवर ढकललं. सर्दी नाही. पण तुझी लेक फोन मोठ्या आवाजावर ठेवून भाजी चिरत बसते, तिथे असलं काही बोलता येत नाही. म्हणून हे पत्र. घरात कुणी नसताना वाच.

गोष्ट नोव्हेंबरात सुरू झाली. वरच्या ऑफिसातून कागद आला, की प्रत्येक प्राथमिक शाळेनं मुलांचं एक स्नेहमंडळ काढावं, मुलांच्या मनात दया आणि सेवेची आवड रुजवावी, आणि रुजल्याचे फोटो महिनाअखेर पाठवावेत. आमची शाळा चौथीपर्यंत, मुलं सगळी मिळून त्रेपन्न, आणि मुख्याध्यापिका मी, त्यामुळे दया रुजवायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. तिसरी-चौथीतली अकरा मुलं निवडली आणि त्यांच्यापुढे पाऊण तास दयेवर बोलले. (चांगलं बोलले. दोघं झोपली, पण ती एरवीही झोपतात.) शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? तिसरीतल्या रिन्शानं हात वर केला. ही आपल्या शिलाईवाल्या सुहराची मुलगी. आठ वर्षांची, समोरचे दोन दात अर्धे आलेले, वाचनात मागे, प्रश्नांत पुढे. तिनं विचारलं, "टीचर, ज्याच्यावर दया करायची त्याला आधी विचारायचं का?" मी तिला खाली बस म्हणाले. आता वाटतं, त्या पाऊण तासात कामाचं तेवढंच एक वाक्य बोललं गेलं होतं.

कारण पहिल्याच आठवड्यात मंडळानं शंकुण्णी वैद्यरांचं अंगण साफ केलं, आणि वैद्यर तेव्हा दुपारचे झोपले होते. उठून पाहतात तो अंगण तळहातासारखं लख्ख. तण म्हणून मुलांनी जे मुळासकट उपटून नदीकाठी टाकून दिलं होतं, ती वैद्यरांनी बारा वर्षं जपलेली औषधी रोपं. हातात भुईआवळीची एक मलूल काडी घेऊन ते शाळेत आले, माझ्यासमोर बसले, काडी माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "तंकमणी टीचर, आता गावात कुणाला कावीळ झाली तर तुमच्याकडे पाठवू का?" पुढच्या आठवड्यात मुलांनी शाळेमागच्या अम्मिणीची कोंबडी सोडवली. नऊ पिल्लांसकट तिला डालग्याखाली कोंडलेलं बघून त्यांना दया आली. (यायलाच हवी होती, मीच सांगितलं होतं, मुक्या जिवाचं दुःख ओळखा.) डालगं उचललं आणि मुंगसानं तीन पिल्लं नेली. मुलं दिवसभर रडली. चिंचेखाली त्यांनी एक खड्डा खणला. पुरायला काही मिळेना, तर दोन पिसं पुरली.

दोन्ही वेळा मी अकराही जणांना ओळीत उभं करून बोलले. मारलं नाही. चेच्ची, तुला माहीत आहे, एकतीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही मुलाला बोट लावलेलं नाही. नुसतं बोलते. हे मी कितीदा अभिमानानं सांगितलंय तुला.

मग ठरवलं, की यापुढे सेवा माझ्या डोळ्यांसमोर होईल. अंथरुणाला खिळलेल्यांना घरोघर जाऊन बघणारी आपली नर्स बीना म्हणाली, टीचर, मुलांना चात्तुक्कुट्टी मास्तरांकडे न्या. तुला मास्तरांचं कळलंच असेल. गेल्या जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे अगदी गेली नाही. एक शब्द उरला, छत्री. पाणी हवं असलं तरी छत्री, कूस बदलायची असली तरी छत्री. पहिले काही दिवस त्यांच्या पत्नी कार्त्यायनी अम्मा खरंच छत्री आणून द्यायच्या आणि मास्तर ती भिंतीवर फेकायचे. आठवतं ना, चेच्ची, वर्गात त्यांचा आवाज कसा असायचा? मागच्या बाकावर बसून कान द्यावा लागे. तुझं गणित चुकलं की म्हणायचे, "विलासिनी, हे उत्तर चांगलं आहे, फक्त या प्रश्नाचं नाही." मी शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळे. आणि त्यांना झटका आल्यापासून नोव्हेंबर उलटेपर्यंत मी त्यांच्याकडे एकदाही गेले नव्हते. पाहवणार नाही, असं सांगायचे लोकांना.

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही गेलो. मुलं खाटेजवळ ओळीत उभी राहिली, त्यांनी दोन गाणी म्हटली, मी आजारी माणसाच्या सेवेचं महत्त्व सांगितलं, बीनानं फोटो काढला. मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. फोटोत त्यांची पाठ आलीय. ऑफिसाला तो फार आवडला. पुढच्या शनिवारी मुलांनी वर्गातले चित्रांचे पत्ते नेले, हत्ती, घर, मासा, केळं, की आजोबांनी बघून नाव सांगावं. मास्तरांनी डाव्या हातानं सगळे उधळून लावले. मी मुलांना बाहेर काढलं आणि ऑफिसाला कळवलं, की उपक्रम यशस्वीपणे पूर्ण झाला.

इथे हा विषय संपायला हवा होता. पण जानेवारीत देवळाच्या तळ्यावर कार्त्यायनी अम्मा भेटल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "तुझ्या त्या पोरीनं माझा नवरा परत आणला गं." मला काही कळेना. तेव्हा समजलं, की रिन्शा शाळा सुटल्यावर रोज त्यांच्याकडे जाते. (तिचं घर त्यांच्या परसामागेच. कुंपणाला भोक आहे.) विखुरलेले पत्ते तिनंच गोळा करून ठेवले होते. मास्तरांना आता हत्ती येतं, घर येतं, अम्माचं अर्धं नाव येतं. बीना म्हणाली, असं होतं कधी कधी. त्यांना रोज कुणीतरी न कंटाळता बोलायला लावणारं हवं होतं. मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, थोडा गर्वही वाटला. मंडळ माझं, मुलगी माझ्या वर्गातली. दुसऱ्या दिवशी चार वाजता तिचं कौतुक करायला मी तिकडे गेले.

ओसरीवरच थांबले, कारण आतून माझा आवाज ऐकू आला.

चेच्ची, हे मी उपमा म्हणून लिहीत नाही. माझाच आवाज, फक्त बारीक केलेला. खिडकीतून पाहिलं. रिन्शानं पंचा खांद्यावरून साडीच्या पदरासारखा घेतला होता, हातात पट्टी होती, मास्तर उशांना टेकून बसले होते. तिनं माशाचं चित्र वर धरलं होतं.

"इकडे बघ. मी काय भिंतीशी बोलतेय?"

मास्तर म्हणाले, "छत्री."

"छत्री? काल सांगितलं, परवा सांगितलं, डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या? बाकीची पोरं बघ कुठल्या कुठे गेली." मग तिनं नसलेला चष्मा काढला, दोन बोटांनी नाकाचं वरचं हाड दाबलं, डोळे मिटले, आणि एक सुस्कारा सोडला. "तुझ्या पायी माझं रक्त आटलं रे."

मी हे करते. मला ठाऊकच नव्हतं की मी हे करते.

मास्तरांचे खांदे हलत होते. आधी वाटलं रडताहेत. ते हसत होते. जिभेशी बराच वेळ झगडून त्यांनी म्हटलं, "मा... सा." आणि लहान मुलासारखं तिच्याकडे बघत राहिले. रिन्शानं पत्ता खाली ठेवला, तोंडावर काही उमटू दिलं नाही आणि दुसरा उचलला. "पुढचं." कार्त्यायनी अम्मा कोपऱ्यात शेंगा निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, बरोबर आलं की त्यांचं. शाबास तरी म्हण." तर ही म्हणते, "बरोबर आलं की टीचर काही म्हणत नाहीत. पुढचं विचारतात."

मग तिनं पंचा काढला आणि "शाळा सुटली" म्हणून जाहीर केलं. त्याच पंच्यानं मास्तरांची हनुवटी पुसली आणि केळं सोलून त्यांना लहान लहान घास भरवायला लागली, आता स्वतःच्या आवाजात, त्यांना दिवसभराच्या बातम्या सांगत. अम्मांनी विचारलं, "तुमच्या टीचर इतक्या रागीट आहेत का गं?"

रिन्शानं जरा विचार केला. "रागीट नाहीत. त्यांना तसंच बोलता येतं," ती म्हणाली. "आजोबांना छत्रीच म्हणता येतं ना, तसं."

मी तिथून निघून जाणार होते. पण ओसरीवरच्या पाण्याच्या घागरीला पाय लागला आणि सगळ्यांनी बाहेर पाहिलं. रिन्शाच्या हातातून केळ्याचं साल पडलं आणि ती उठून ताठ उभी राहिली, हात पाठीमागे, अगदी ओळीत राहतात तशी. अकरा जणांची नाही, एकटीचीच ओळ. आत गेले. मास्तरांनी मला ओळखलं. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, ओठ दोनदा हलवले आणि म्हणाले, "छत्री." त्यांना काय म्हणायचं होतं, ते अम्मांनाही सांगता आलं नाही. मला वाटलं, ते काय म्हणताहेत ते मला कळतंय. पण तेही, त्यांना न विचारता, मीच ठरवणार. मी त्यांच्या पायांशी बसले. रिन्शाला म्हणाले, बस, त्यांचं खाणं पुरं कर. एवढं साधं वाक्य, पण तेही तोंडातून हुकमासारखं निघालं. पोरगी दचकून बसली.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिनं फळ्यावर एक बेरीज बरोबर सोडवली. मी म्हणाले, "शाबास, रिन्शा." तिनं घाईघाईनं बेरीज पुसून पुन्हा मांडली. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "टीचर, ताप आलाय का?" मी चष्मा काढायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला. तेव्हापासून रोज एकदा तरी म्हणून बघते. जीभ जड होते. परवा चौथीतल्या एकाला म्हटलं, तर तो रडायलाच लागला. मी नुसती त्याच्याजवळ बसून राहिले. चार वाजता रिन्शाबरोबर मास्तरांकडे जाते. तिथे आम्ही दोघं एका रांगेत बसतो, मास्तर आणि मी, आणि ती शिकवते. पट्टी तिनं आता सोडलीय. मी काढून घेतली असं नाही, तिनंच सोडली.

गुडघ्यांची काळजी घे. मुरांब्याची बरणी परत पाठवायची राहिली आहे, त्याबद्दल रागावू नकोस. सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी,
तंकम

ता. क. आमच्या भागातल्या सगळ्या शाळांत आमचं स्नेहमंडळ पहिलं आलं. (पाठीच्या फोटोमुळे, असं बीना म्हणते.) पुढच्या महिन्यात सत्कार आहे आणि मला 'लहान मुलांमध्ये दया कशी रुजवावी' यावर दहा मिनिटं बोलायचंय. तू भाषणं छान लिहितेस. दोन पानं लिहून पाठव. वरचं काही त्यात नको, आणि रिन्शाचं नाव तर मुळीच नको.

ता. क. दोन. भाषणासाठी मी एवढं लिहीत बसले नाही, हे तू ओळखलं असशीलच. विषूच्या सणाला तू बंगळुरूला माझ्या सुधीशकडे जाणार आहेस. मी वायनाडच्या शाळेत होते ती चार वर्षं तो तुझ्याजवळ वाढला, म्हणून तुझ्याशी तो मोकळा बोलतो. मला रविवारी फोन करतो. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, बरं ठेवतो. मी समजत होते, कामात असतो. त्याला सहज बोलता बोलता विचार, लहानपणी अम्मा तुझ्याशी कशी बोलायची रे? मी विचारायला सांगितलं, हे कळू देऊ नकोस.

ता. क. तीन. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. विचारू नकोस. तो काय सांगेल ते मला माहीत आहे, आणि तुझ्यापुढे त्याला उगीच माझी बाजू घ्यावी लागेल. तुझ्या तिकिटाबरोबर माझंही काढ. खालचा बर्थ तू घे. त्याला फक्त अम्मा येतेय एवढंच कळव. कशाला येतेय ते सांगू नकोस, ते मी बोलून बघते. जमेपर्यंत तू मात्र खोलीतून उठून जाऊ नकोस.