शनिवार-रविवारचं पाणी

३ फेब्रु., मंगळ.
आईची सोनोग्राफी. डाव्या मूत्रनळीत खडा, अकरा मि.मी. वर किडनी सुजलेली. डॉ. : एवढा आपोआप पडणार नाही, थांबलात तर किडनी जाईल. लघवीच्या वाटेने दुर्बीण घालून लेसरने फोडायचा.
आई : "टाका न्हाई? मंग आपरेशन कसलं?"
शुक्रवार घेतला.

४ फेब्रु.
शेजारची मावशी कुळथाचं कढण घेऊन आली. आई प्यायली. पिऊ दे. शुक्रवार तोच.

६ फेब्रु., शुक्र.
लोणावळ्याला ऑपरेशन. पाऊण तास. खड्याचा भुगा झाला. आत नळी ठेवलीय, दोन आठवड्यांनी काढतील. शुद्धीवर आल्यावर आईचं पहिलं वाक्य : "बंगल्याच्या चाव्या कुणाकडं हायेत?"

७ फेब्रु.
लघवी लालसर, जळजळ. नळीमुळे. ताप नाही.
डॉ. : "मावशी, पाणी किती पिता?"
"लय."
"रोज?"
"सोमवार ते शुक्रवार."
मग निघालं. मळवलीच्या बंगल्यावर ती बारा वर्षं देखभालीला. पाच बाथरूम, पाचही तीच घासते. शनि-रवि पाहुणे असले की एकातही जात नाही. म्हणून सकाळी चहा, मग संध्याकाळी घरी येईपर्यंत घोट नाही.
"मालक नको म्हणाले?"
"न्हाई. म्या इचारलंच न्हाई."
आम्ही एका घरात राहतो. मला ठाऊक नव्हतं.

९ फेब्रु.
घरी आणलं. मालकांना पुण्याला फोन. "अहो, मागचं बाथरूम त्यांचंच समजा." साधा माणूस.
आई : "आता समद्या पुण्यात माज्या मुतायची चर्चा." रात्री भाकरी वाढताना स्वतःच हसली.

२० फेब्रु., शुक्र.
नळी काढली. दहा मिनिटं. सूज उतरलीय. डॉ. : दिवसाला तीन लिटर.
आई : "परत झाला तर परत फोडाल की."
"फोडू. किडनी किती वेळा सोसेल, ते माझ्या हातात नाही."
मला काळजी वाटत नाही. तिला एकदा पटलं की ती करते. पटलं का, ते कामावर गेली की कळेल.

२८ फेब्रु., शनि.
कामावरचा पहिला शनिवार. कॉलेज सुटल्यावर बंगल्यावर गेले. तीन गाड्या. आई मोरीत भांडी विसळत होती. पाण्याची बाटली अर्धी झालेली.
"किती वेळा गेलीस?"
"मोजतीस व्हय?" मग हळू : "मागलं पावन्यांच्या पोरींनी अडवलंय."
"वर चार आहेत."
"ते पावन्यांचं."
"आई."
हात पुसले. जिन्यापाशी गेली, चपला काढल्या. वरून हाक आली, "मावशी, टॉवेल द्या ना."
"आले."
टॉवेल घेऊन वर गेली. मी खाली उभी. बराच वेळ उतरली नाही.
उतरल्यावर बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायली. मग विळी घेऊन कांदा चिरायला बसली.